मस्टँगचा सातबारा: मार्टी रिपोर्ट घ्यावा का?

आधीच सांगते, मी गाड्यांमधली जाणकार वगैरे नाही. डेट्रॉइटजवळ राहते, आयटीत आहे, बारा वर्षं इमानेइतबारे होंडा चालवली आणि चाळिशी ओलांडल्यावर डोक्यात किडा शिरला की आपल्या दारात फोर्डची एक जुनी मस्टँग पाहिजे. आई फोनवर म्हणाली एवढ्या पैशात नवीकोरी आली असती गं, आणि तिचं काही चुकलं नव्हतं. पण घ्यायचं ठरलं ते ठरलं. रिव्ह्यू मार्टी रिपोर्टचा आहे, पण नुसतं "मस्त आहे, घ्या" लिहून काही उपयोग नाही, तो कशाला लागतो आणि कुठे त्याचा कागद तोकडा पडतो हे गाडीच्या खाली पाठ टेकल्याशिवाय मला कळलं नव्हतं, त्यामुळे पाल्हाळ लागणार. घाई असेल त्यांच्यासाठी: पाचपैकी साडेचार स्टार, अर्धा का कापला ते पुढे येईल.

प्रकार असा आहे. फोर्डने १९६७ पासून बनवलेल्या गाड्यांचा कारखान्यातला डेटा टिकून राहिलाय, आणि अ‍ॅरिझोनातल्या केव्हिन मार्टीच्या कंपनीकडे त्याचं लायसन्स आहे. आपण गाडीचा व्हिन नंबर (म्हणजे चासी नंबर) टाकायचा, पैसे भरायचे, आणि ती गाडी कारखान्यातून बाहेर पडली त्या दिवशी काय होती ते लिहून येतं. रंग कुठला, इंजिन कुठलं, गिअरबॉक्स कुठला, रेडिओ होता का, स्टीअरिंग पॉवर होतं का, सगळं. गाडी तुमच्या नावावर असायची गरज नाही, म्हणजे घेण्याआधीच मागवता येतो आणि खरं तर तेव्हाच मागवायचा असतो. माझ्या डोक्यात पहिल्याच दिवशी आलं की हा गाडीचा सातबारा आहे. आणि ज्यांच्या घरी शेतीवरून भांडणं झालीत त्यांना पुढचं वेगळं सांगायला नको, सातबारा वेगळा आणि बांध वेगळा. उताऱ्यावर दोन एकर आणि मोजणीला माणूस आला की पावणेदोन.

आता पहिली गाडी. ओहायोतला एक जुन्या गाड्यांचा डीलर, नाव लिहीत नाही, जाहिरात अशी: १९६८ची मस्टँग जीटी (वरचं खास पॅकेज घेतलेली), व्ही-८ (आठ सिलिंडरचं इंजिन), ऑटोमॅटिक, ओरिजिनल कँडीअ‍ॅपल रेड. फोटो असले की बघत राहावं. दीड तास गाडी मारून गेलो, मी, नवरा आणि शेजारचे आजोबा. हे आजोबा म्हणजे आमच्या गल्लीतलं प्रस्थ, फोर्डच्या रूज कारखान्यात तीस वर्षं काढलेली, डिअरबॉर्नला तिथेच मस्टँग बनायच्या पार २००४ पर्यंत. ऑगस्टच्या तिसऱ्या शनिवारी वुडवर्ड ड्रीम क्रूझ, म्हणजे जुन्या गाड्यांची मिरवणूक असते तेव्हा हे रस्त्याकडेला घडीची खुर्ची टाकून बसतात आणि गाडी पुढे निघून गेल्यावर नुसत्या मागच्या लाइटवरून वर्ष सांगतात, आणि चुकत नाहीत, मी फोनवर तपासून तपासून दमले.

डीलर सगळी माहिती नवऱ्याला देत होता. नवऱ्याला गाडीतलं ढिम्म कळत नाही, तो बिचारा मान हलवत होता. आजोबा दहा फुटांवर उभे राहिले, खिशातून हातसुद्धा काढला नाही, आणि म्हणाले ही अडुसष्टची नाही.

कसं ते आता मलाही पाठ झालंय. अडुसष्टच्या मॉडेलला पुढच्या मडगार्डवर बाजूला बारका लाइट असतो आणि मागे बाजूला रिफ्लेक्टर, कारण १ जानेवारी १९६८ पासून अमेरिकेत बाजूचे लाइट किंवा रिफ्लेक्टर सक्तीचे झाले. या गाडीला बाजूला काहीच नाही, सपाट पत्रा. बॉनेटच्या पुढच्या काठावर फोर्ड ही अक्षरं सुट्टी सुट्टी बसवलेली, ती सदुसष्टला आहेत आणि अडुसष्टला काढून टाकली. दाराच्या मागे बाजूला दोन खोट्या जाळ्या एकाखाली एक, तो सदुसष्टचा नखरा, अडुसष्टला तिथे एक साधी उभी क्रोमची पट्टी आली. आणि सगळ्यात भारी म्हणजे गाडीवर बॅज होता जीटीए. जीटी आणि ऑटोमॅटिक मिळून जीटीए, आणि हा बॅज फोर्डने फक्त १९६७ला लावला. म्हणजे डीलरने जो बॅज अभिमानाने पुसून चकचकीत केला होता तोच त्याची जाहिरात खोटी पाडत होता.

तर डीलर म्हणतो कसा, सदुसष्टच्या शेवटी बनलीय, म्हणजे अडुसष्टचीच धरा. ही फसवायची फार जुनी रीत आहे म्हणे, आणि नवख्या माणसाला पटतेसुद्धा, कारण अमेरिकन गाडीचं वर्ष हा प्रकारच विचित्र आहे. ते कॅलेंडरचं वर्ष नसतं, आपल्या शाळेच्या वर्षासारखं असतं. जूनमध्ये शाळा सुरू झाली की नवं वर्ष, तसं यांचं साधारण ऑगस्ट-सप्टेंबरमध्ये पुढच्या वर्षाचं मॉडेल बाहेर पडतं. म्हणजे ऑक्टोबर १९६६ला बनलेली मस्टँग सदुसष्टची, आणि ऑक्टोबर १९६७ला बनलेली अडुसष्टची. मधलं काही नाही. "धरा" वगैरे नाही.

याचं सगळ्यात मजेशीर उदाहरण आमच्या घरापासून अर्ध्या तासावर आहे, डिअरबॉर्नच्या हेन्री फोर्ड म्युझियममध्ये. मस्टँग लोकांसमोर आली १७ एप्रिल १९६४ला, न्यूयॉर्कच्या वर्ल्ड्स फेअरमध्ये. पहिल्या व्हिनची गाडी, पांढरी कन्व्हर्टिबल, कॅनडात न्यूफाउंडलंडच्या एका डीलरकडे दाखवायला पाठवलेली, ती त्याने विकून टाकली, स्टॅन्ली टकर नावाच्या विमानाच्या पायलटला. फोर्डला ती परत हवी होती आणि हा काही देईना, शेवटी दहा लाख मस्टँग झाल्यावर, १९६६ला, त्याला नवी मस्टँग देऊन ही परत घेतली. तर ही गाडी १९६४ची, पण नंबर आहे ५एफ०८एफ१००००१, आणि पहिला आकडा ५ म्हणजे १९६५. लोक या सुरुवातीच्या गाड्यांना "साडेचौसष्ट" म्हणतात, टीशर्टवर छापतात, पण फोर्डच्या कागदावर चौसष्टची मस्टँग नावाची गोष्टच नाही. ओळखायची असेल तर डॅशबोर्डवरचा लाल दिवा बघायचा, जेन लिहिलं असेल तर जनरेटर म्हणजे सुरुवातीची, ऑल्ट असेल तर अल्टरनेटर म्हणजे ऑगस्ट १९६४ नंतरची. अर्थात दिवा बदलायला पाच मिनिटं लागतात, हे पण आजोबांनीच सांगितलं.

असो, ओहायोला परत येते. बॉनेट उघडलं. सदुसष्टपर्यंत व्हिन नंबर काचेतून दिसत नाही, ड्रायव्हरच्या बाजूला आतल्या पत्र्यावर ठोकलेला असतो, मडगार्डच्या काठाला खाच ठेवलेली असते तिथे वाकून वाचावा लागतो. अडुसष्टपासून तो डॅशबोर्डवर आला, म्हणजे हीसुद्धा एक खूण. टॉर्च लावून मी मोठ्याने वाचला: ७टी०१टी आणि पुढे सहा आकडे.

तर ७ म्हणजे १९६७. पुढचा टी म्हणजे न्यू जर्सीतला मटचेनचा कारखाना, एफ असता तर डिअरबॉर्न, आर असता तर कॅलिफोर्नियातलं सॅन होजे. ०१ म्हणजे हार्डटॉप (पत्र्याचं पक्कं छप्पर), ०२ फास्टबॅक (मागे उतरतं छप्पर), ०३ कन्व्हर्टिबल (उघडणारं छप्पर). पासष्ट-सहासष्टला हेच ०७, ०९, ०८ होतं, घोळ नको म्हणून सांगून ठेवते. आणि मग पाचव्या जागेवर इंजिन, तिथे परत टी. हा टी म्हणजे २०० क्युबिक इंचाचं सहा सिलिंडरचं इंजिन.

बॉनेटखाली मात्र व्ही-८ होतं, पेंट मारलेलं, निळंशार.

जीटी हे सदुसष्टला एक ऑप्शन पॅकेज होतं आणि ते फक्त व्ही-८ गाडीलाच मिळायचं. म्हणजे टी इंजिनची जीटी ही बिनलग्नाची सवाष्ण. फॉग लाइट, पट्टे, पेट्रोलच्या झाकणावरचं जीटी, सगळं कुणीतरी बाजारातून आणून चिकटवलेलं. आणि गंमत बघा, सदुसष्टला कँडीअ‍ॅपल रेडचा कोडसुद्धा टी. दाराच्या कडेला रिव्हेट मारलेला छोटा पत्रा असतो त्यावर रंगाचा कोड असतो, तिथे होता एम, म्हणजे विम्बल्डन व्हाइट. कारखान्याला टी, इंजिनाला टी, आणि जिथे टी पाहिजे होता नेमकं तिथेच एम. मी हसले तर डीलरला वाटलं मला गाडी आवडली.

आजोबांनी शेवटी एक काम केलं ते मी जन्मात विसरणार नाही. खाली बसले, चाकाची क्रोमची टोपी काढली. पुढच्या चाकाला पाच नट. मग मागे गेले, टोपी काढली. चार. सहा सिलिंडरच्या मस्टँगला चार नटांची चाकं आणि व्ही-८ला पाच, हा नियम लहान पोरालाही लक्षात राहील इतका सोपा आहे. म्हणजे कुणीतरी व्ही-८ टाकला, पुढचं बदललं, आणि मागे पैसे संपले. मागच्या चाकांना जोर पोचवणारा तो बारीक डिफरन्शियल सहा सिलिंडरसाठी बनवलेला, त्यावर व्ही-८चा जोर. दिसायला चार स्टिकर खोटे असले तर एक वेळ माफ, पण हे हायवेला घेऊन माझी पोरगी मागे बसणार होती. डीलरला विचारलं तर म्हणाला जुन्या गाड्यांत असं चालतंच. आम्ही निघालो. तो पत्र्याचा कोड वगैरे सगळं खरं खोटं करायला रिपोर्ट लागलाच नाही, अकरा अक्षरी नंबर आणि आठ-दहा नट पुरले.

आणि परतीच्या रस्त्यात मला आमच्या घरातलं जुनं भांडण आठवलं. माझे आजोबा गिरगावात एका डॉक्टरांची गाडी चालवायचे, त्या गाडीला टेकून उभा एक काळापांढरा फोटो आहे. आजोबा मरेपर्यंत म्हणायचे डॉज. काका म्हणतात फोटो नीट बघ, ती प्लिमथ आहे, मी पुस्तकात बघितलीय. दर दिवाळीला हा वाद ठरलेला. मी फोनवरचा तो फोटो आमच्या शेजारच्या आजोबांना दाखवला, त्यांनी चष्मा वर करून बघितला आणि म्हणाले बॉडी प्लिमथची आहे. मग मी शोधलं तर उलगडा झाला. कुर्ल्याच्या प्रीमिअर कारखान्यात क्रायसलरच्या गाड्या जोडायचे, आणि डॉज किंग्जवे, प्लिमथ सॅव्हॉय, डिसोटो डिप्लोमॅट ही एकाच गाडीला लावलेली तीन नावं, जाळी आणि बॅज वेगळे, आतून एकच. म्हणजे माझ्या आजोबांनी बॅज वाचला होता आणि काकांनी बॉडी. दोघंही बरोबर. काकांना कळवलं तर त्यांचं उत्तर आलं, "म्हणजे मीच बरोबर".

आता ज्या गाडीसाठी रिपोर्ट काढला ती. मिशिगनमध्येच, एक रिटायर झालेल्या बाई, नवऱ्याची गाडी, नवरा जाऊन तीन वर्षं झालेली. गडद निळी हार्डटॉप. व्हिन ७आर०१सी, म्हणजे १९६७, सॅन होजे, हार्डटॉप, आणि सी म्हणजे २८९ क्युबिक इंचाचा व्ही-८, दोन बॅरलच्या कार्बोरेटरवाला. चारी चाकांना पाच पाच नट, मी बाईंच्या देखत मोजले, त्या म्हणाल्या माझा नवराही असाच होता. जीटीचा बॅज नाही, पण पुढच्या जाळीत फॉग लाइट होते, आणि बाई म्हणाल्या तो नेहमी जीटी म्हणायचा. आता इथे गोची अशी की सी इंजिनवर सदुसष्टला जीटी मिळू शकत होती आणि व्हिनमध्ये जीटी लिहिलेलंच नसतं. सहासष्टपर्यंत जीटीला चार बॅरलच्या कार्बोरेटरचं इंजिन लागायचं त्यामुळे सी दिसला की विषय संपायचा, सदुसष्टला ती सोय नाही. आणि ड्रायव्हरच्या बाजूचं दारच कधीतरी अपघातात बदललेलं, त्यामुळे कोडचा पत्राच गायब. म्हणजे रंग माहीत नाही, तारीख माहीत नाही, गिअरबॉक्स माहीत नाही. अशा गाडीसाठीच हा रिपोर्ट आहे. (तसाही तो पत्रा नवा छापून मिळतो, त्यामुळे दोन रिव्हेट्सवर किती विश्वास ठेवायचा ते तुम्ही ठरवा.)

तीन प्रकार आहेत, स्टँडर्ड, डिलक्स आणि एलिट. स्टँडर्डमध्ये कोड आणि ऑप्शन येतात. डिलक्समध्ये तारखांची रांग येते, ऑर्डर कधी आली, बनली कधी, विकली कधी, शिवाय कुठल्या डीलरकडे गेली आणि तशा किती बनल्या. एलिट म्हणजे फ्रेम करून भिंतीवर लावायचा प्रकार, शोमध्ये गाडी लावणाऱ्यांसाठी. मी डिलक्स घेतला. माझं मत असं, घेण्याआधी स्टँडर्ड पुरे, गाडी घरी आल्यावर हौस म्हणून डिलक्स घ्या, आणि एलिटचे पैसे ब्रेकवर घाला.

रिपोर्ट आला तो मी ऑफिसच्या मीटिंगमध्ये टेबलाखाली वाचला. जीटी नाही. बरं झालं, भाव खाली. मूळ रंग लाइम गोल्ड. गिअरबॉक्स तीन स्पीडचा मॅन्युअल, आणि गाडीत तर ऑटोमॅटिक बसलेला. पॉवर स्टीअरिंग, एएम रेडिओ. डिस्ट्रिक्ट ७१, म्हणजे लॉस एंजेलिस भागातून विकली गेलेली. आणि एका ओळीत, बाकीच्या ओळींइतक्याच शांतपणे, व्हाइनल रूफ.

मी रेडिओवर खूश झाले होते. आजोबांनी कागद हातात घेतला आणि त्यांचं बोट व्हाइनल रूफवर थांबलं. म्हणाले गाडीचं छप्पर बघितलंस का. मी म्हटलं बघितलं, निळं आहे, छान आहे. ते म्हणाले तेच तर.

व्हाइनल रूफ म्हणजे छताच्या पत्र्यावर चिकटवलेलं रेक्झिनसारखं कापड, त्या काळात फॅशन होती. कडेने पाणी आत शिरतं, कापडाखाली वाळत नाही, आणि पत्रा आतून खायला लागतो, वरून काही दिसत नाही. आता गाडीवर ते कापड नाही म्हणजे कुणीतरी काढलं. का काढलं? एक तर आवडलं नाही म्हणून, नाही तर खाली गंज दिसला म्हणून. आणि काढल्यावर खालचं काय केलं, नवा पत्रा घातला की पुटी फासून निळा रंग मारला? कॅलिफोर्नियाची गाडी म्हणजे मिठाच्या रस्त्यांवर गेली नाही, कोरडी हवा, हा सगळा आनंद त्या एका ओळीने निम्मा केला. पण मला विचाराल तर रिपोर्टचा सगळ्यात मोठा उपयोग हाच झाला. गाडी काय आहे हे त्याने सांगितलं नाही, कुठे खणायचं ते सांगितलं.

मग आम्ही परत गेलो, मोजणी करायला. पहिलं काम, पायाजवळचं प्लॅस्टिकचं पॅनेल काढलं. मी सीटवर उलटी, पाय बाहेर, डोकं पेडलजवळ, तोंडात टॉर्च. आत पत्र्यावर रंगाचा एक पट्टा, निळ्याचा थेंब नाही त्यावर. लाइम गोल्ड मी नेटवर बघितला होता पण फोटोत तो नुसता शेवाळी दिसतो, प्रत्यक्षात कच्च्या कैरीवर सोन्याचं वर्ख घासल्यासारखा आहे, त्या अंधारातसुद्धा चमकला. साठ वर्षांत त्या कोपऱ्यात कुणी रंग मारलाच नव्हता. म्हणजे कागदावरची गाडी आणि ही गाडी एकच, निदान एवढा भाग तरी.

दुसरं, इंजिन. हे महत्त्वाचं आहे आणि रिपोर्ट इथे काहीच करू शकत नाही, कारण तो जन्माचा दाखला आहे, नंतर कोणाचं हृदय बदललं ते त्याला काय माहीत. इंजिनच्या ओतीव ठोकळ्यावर फोर्डचा नंबर ओतलेला असतो. स्टार्टरच्या वर, पॅसेंजरच्या बाजूला, काळ्या तेलकट थराखाली. आजोबांनी वायरब्रश दिला, मी घासत बसले. फोर्डची रीत अशी की पहिलं अक्षर दशक सांगतं, बी म्हणजे पन्नासचं, सी साठचं, डी सत्तरचं, आणि पुढचा आकडा वर्ष. म्हणजे सी५ किंवा सी६ वगैरे निघायला हवं होतं. काळपट घाणीतून आधी गोलाई वर आली, मला वाटलं सी, ब्रश फिरवला तर मागे सरळ दांडी. डी. सत्तरचं दशक. २८९ जाऊन तिथे नंतरचं ३०२ आलेलं, आणि हे दोन बाहेरून इतके सारखे दिसतात की बाईंच्या नवऱ्यालासुद्धा कदाचित माहीत नसेल, त्यांच्या आधीच्या कुणीतरी बदललं असेल. बाईंना सांगितलं तर त्यांचा चेहरा जरा उतरला, मलाच वाईट वाटलं. मी म्हटलं इंजिन चांगलं आहे हो, फक्त त्याचं नाही.

तिसरं छप्पर. आजोबांकडे एक चपटं चुंबक असतं, फ्रिजवर लावतात तसलं, त्याला ते फडक्यात गुंडाळतात म्हणजे रंगाला चरा जात नाही. दारांवर पटकन चिकटलं. छताच्या मध्यावर चिकटलं. मागच्या काचेच्या वरच्या कोपऱ्यात आणलं आणि सोडलं, ते सरकत सरकत खाली आलं. पुटी. दुसऱ्या कोपऱ्यात तेच. किती जाड, खाली किती खाल्लंय, ते खरवडल्याशिवाय कळणार नव्हतं. भाव तिथे तुटला. बाईंनी मागितलेल्या रकमेतून चांगले पैसे कमी केले, आणि मला वाटतं दोघींनाही ते बरोबर वाटलं. जाताना त्यांनी नवऱ्याची पाना-पकडीची पेटीसुद्धा दिली.

तर अर्धा स्टार का कापला. एक म्हणजे डेटा १९६७ पासूनचाच, त्यामुळे पासष्ट-सहासष्टच्या मस्टँगवाल्यांना हा रस्ताच बंद, आणि खोट्या जीटी सगळ्यात जास्त त्याच वर्षांच्या फिरतात. तिथे तुम्हाला गाडीखाली झोपूनच, मागच्या चासीवर सायलेन्सर लटकवायच्या जागी कारखान्याची मजबुतीची पट्टी आहे का ते बघावं लागतं. यात कंपनीचा दोष नाही, रेकॉर्डच नाही तर देणार कुठून, पण पैसे भरायच्या आधी हे कळलेलं बरं. दुसरं, लोक हा कागद काचेला लावून गाडी विकतात आणि घेणारा समजतो की गाडी तपासलेली आहे. तपासलेली नसते. कुणीही गाडी बघायला येत नाही. नंबर टाकला, नंबराची माहिती आली, एवढंच.

फोर्ड सोडून दुसरं काही बघत असाल तर थोडं सांगते, खोलात शिरत नाही. पॉन्टिअ‍ॅकवाल्यांचं नशीब चांगलं, पॉन्टिअ‍ॅक हिस्टॉरिक सर्व्हिसेसकडे १९६१ पासूनचे कागद मिळतात, आणि चौसष्ट-पासष्टच्या त्यांच्या जीटीओ गाडीला ते लागतातच, कारण तेव्हा जीटीओ हे लमान्स मॉडेलवरचं ऑप्शन होतं, व्हिनमध्ये दिसत नाही, सहासष्टपासून व्हिनची सुरुवात २४२ने झाली की ओळखायची. शेव्हरोलेचं अवघड आहे, असा सगळ्या गाड्यांचा एकगठ्ठा डेटा त्यांच्याकडे मिळत नाही. त्यांची शेव्हेल एसएस ३९६ सहासष्ट ते अडुसष्ट व्हिनच्या सुरुवातीच्या १३८ आकड्यावरून कळते, एकोणसत्तरपासून तीही सोय गेली. क्रायसलर, डॉज, प्लिमथवाले जुन्या सीटच्या स्प्रिंगमध्ये हात घालून कारखान्यातला घडी केलेला कागद शोधतात, कधी कधी तो खरंच तिथे असतो, उंदरांनी कुरतडलेला. आणि १९८१च्या आधीच्या कुठल्याही गाडीला कुणी सतरा अक्षरी व्हिन सांगितला तर फोन ठेवा.

गाडी सध्या डेंटिंगवाल्याकडे आहे. रंग परत लाइम गोल्ड करायचा की निळाच ठेवायचा यावर घरात दोन पक्ष पडलेत, पोरगी लाइम गोल्डच्या बाजूने, नवरा म्हणतो तो रंग कढीलिंबासारखा दिसतो. काल दुपारी गॅरेजवाल्याचा फोटो आला. छताचा रंग खरवडलेला, मागच्या काचेच्या कडेने पांढऱ्या पुटीत बारीक बारीक भोकांची एक रांग, एकाच अंतरावर, व्हाइनलची पट्टी जिथे स्क्रूने बसवलेली असणार तिथे. शेवटची तीन भोकं एकत्र होऊन रुपयाएवढं एकच झालंय. आजोबांना फॉरवर्ड केला. त्यांनी नुसता अंगठा पाठवला.